जागा आहे का?

मागच्या अंकात मी सहज विचारलं होतं की तुमच्या ऑफिसातली कुठली गोष्ट आता दिसत नाही ते कळवा, तर पत्रं कमी आणि प्रश्नच जास्त आलेत. मी काही इतिहासाची प्राध्यापक नाही हे आधीच सांगते. १९७९ ला बँकेत क्लार्क म्हणून चिकटले, जवळपास सगळी नोकरी ठाण्यात काढली, आता नौपाड्यात घरी बसून वाचते आणि जे वाचते ते तुम्हाला सांगते, एवढंच.

प्रश्न : ताई, मी ऐरोलीला आयटी कंपनीत आहे, बारा वर्षं झाली. कोविडनंतर परत बोलावलं तेव्हा आमचे डेस्क कुणाचेच राहिले नव्हते. आदल्या रात्री ॲपवर सीट बुक करायची, संध्याकाळी सगळं उचलून लॉकरमध्ये टाकायचं. माझा मग, मुलीनं काढलेलं चित्र, छोटा गणपती, सगळं एका पिशवीत घरी आलं. बायको म्हणते पगार तोच आहे ना, मग तोंड का पाडलंयस. पूर्वी प्रत्येकाला स्वतःचं टेबल असायचंच का? – एक वाचक, ऐरोली

तोंड पडणारच हो. आपल्या भाषेतच बघा ना, नोकरीला आपण काय म्हणतो? जागा. 'रेल्वेत जागा निघाल्यात', 'त्याला कलेक्टर ऑफिसात जागा मिळाली'. लोकलमध्ये बसायला मिळते तीही जागा, भाड्याची खोली तीही जागा. बँकेत आम्ही 'माझी सीट क्लिअरिंगची' म्हणायचो, सरकारी ऑफिसात आजही 'फाईल कुठल्या टेबलावर अडकलीय' असंच विचारतात, माणसाचं नावसुद्धा घेत नाहीत. काम आणि बसायची जागा आपल्याकडे एकच झालेली आहे, त्यातली एक काढून घेतली तर दुसरीही हलल्यासारखी वाटते. बायकोला हे सांगून बघा. पटेलच असं नाही.

पण 'स्वतःचं टेबल असायचंच का' याचं उत्तर, नाही. टेबलच नव्हतं. पेशवाईतला कारकून जमिनीवर मांडी घालून बसायचा, समोर उतरतं बैठं लाकडी मेज, हातात बोरू आणि मोडी लिपी. लिहून झालेले कागद कपड्यात बांधून ठेवायचे, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात, आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरात आजही कागद रुमालांवरच मोजले जातात. दफ्तर हा शब्द फारसी-अरबीतून आपल्याकडे आला पण मुळात तो ग्रीक, तिकडे त्याचा अर्थ चामडं, कारण लिहायचे चामड्यावर. आणि आपण तो शब्द शेवटी पोरांच्या पाठीवर लटकवला! माझी नात 'दप्तर जड झालंय' म्हणून रडते तेव्हा मला सगळी पेशवाई तिच्या पाठीवर दिसते.

त्या काळी माणसाला टेबल नव्हतं पण काम मात्र असं चिकटायचं की आडनावच व्हायचं. फारसीत 'नवीस' म्हणजे लिहिणारा. फर्द म्हणजे यादी, ती लिहिणारा फडणवीस, चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस, फारसी लिहिणारा पारसनीस, खजिन्याचा हिशोब ठेवणारा पोतनीस. ठाण्यात कुठल्याही जुन्या सोसायटीच्या पाट्या वाचत जा, एक अख्खं सचिवालय राहत असतं तिथे. सचिव हा शब्दही त्यातलाच. शिवाजी महाराजांनी कारभारातले फारसी शब्द बदलायला घेतले, राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तेव्हा सुरनीस होता त्याचा सचिव झाला आणि मुजुमदाराचा अमात्य. कारकून मात्र फारसीच राहिला, 'काम करणारा'. त्याचं नाव बदलायला कुणाला वेळ झाला नसावा.

टेबल-खुर्ची साहेबाबरोबर आली आणि आली ती पायरीपायरीनं, साहेबाला हातांची खुर्ची, हेडक्लार्कला बिनहातांची, उमेदवाराला बाक. मग तुमची ती पार्टिशनवाली वर्कस्टेशनं. ती अमेरिकेतली. हर्मन मिलर कंपनीसाठी रॉबर्ट प्रोप्स्ट नावाच्या माणसानं १९६४ मध्ये नवं ऑफिस फर्निचर काढलं आणि १९६८ मध्ये त्याचा सुधारलेला प्रकार. त्याची कल्पना अशी की माणसाला हवं तसं हलता-फिरता यावं, उभं राहून काम करता यावं, भिंती हव्या तशा वळवता याव्यात. कंपन्यांनी त्यातलं फक्त एक घेतलं, कमी जागेत जास्त माणसं बसतात. प्रोप्स्ट स्वतः म्हातारपणी त्या खुराड्यांवर चिडलेला होता. तुमच्या ॲपचं तेच झालंय, कारण सांगताना सांगतात की कुठेही बसा, मोकळं वाटेल, आणि हिशोब चौरस फुटांचा.

गणपती बॅगेत ठेवा. रोज काढा, रोज मांडा. जमिनीवर बसणारा कारकूनही दौत-लेखणी बरोबरच घेऊन यायचा.

प्रश्न : मामलेदार मिसळीला मामलेदार का म्हणतात? खरंच मामलेदारानं सुरू केली का? – दोन मित्र, वर्तकनगर (पैज लागलीय)

नाही. मामलेदार कचेरीच्या आवारात मिळायची म्हणून मामलेदार. मामलेदार म्हणजे आताचे तहसीलदार. सातबारा, दाखले, कोर्टाची तारीख, सगळं त्या भागात, आणि कचेरीत काम म्हणजे थांबणं आलं, आणि थांबणं आलं की भूक आली. ऑफिसच्या नावानं पदार्थ ओळखला जातो आणि ऑफिस कुठलं ते खाणाऱ्याला माहीत नसतं, असं भाग्य फार थोड्या कचेऱ्यांना. पैज जो हरला त्यानं तिखट खायची.

प्रश्न : मावशी, आईचं कपाट आवरताना तिचं टायपिंगचं सर्टिफिकेट सापडलं, इंग्लिश ४० आणि मराठी ३०. लॅमिनेट करून ठेवलंय! आई आता नाही, तिनं नोकरी फक्त चार वर्षं केली होती लग्नाआधी. मला कळत नाही की एवढं जपण्यासारखं काय होतं त्यात. – एक वाचक, कळवा

अगं, ४० आणि ३० म्हणजे मिनिटाला तेवढे शब्द, आणि तेही परीक्षेत, शेजारी वीसपंचवीस मशीन खडखडत असताना. तुला मोबाईलवर टाईप करायची सवय म्हणून सांगते, टाईपरायटरवर बॅकस्पेस म्हणजे फक्त मागे जाणं, पुसणं नाही. चूक झाली की ती कागदावर राहिली आणि मार्क गेले.

मराठीचं मशीन तर वेगळंच प्रकरण. एवढी अक्षरं एका कीबोर्डवर बसवायची म्हणून अर्धी अक्षरं दिलेली, ख, ध, भ, श असलं काही हवं तर आधी अर्धं अक्षर मारायचं मग काना मारून ते पूर्ण करायचं. आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी! 'ठिकाण' लिहायचं तर आधी वेलांटी, मग ठ. बोलताना डोक्यात एक क्रम आणि बोटांत दुसरा. पुढे कॉम्प्युटर आले, सुरेख, श्रीलिपी असले फॉन्ट आले, मग युनिकोड, तिथे वेलांटी अक्षरानंतर आली, तेव्हा जुन्या टायपिस्ट बायांची बोटं अक्षरशः अडखळायची. सरकारी ऑफिसात मी एका बाईंना पाहिलंय, 'मि' लिहिताना दर वेळी आधी क्षणभर थांबायच्या.

आता सर्टिफिकेट का जपलं. टाईपरायटर बाजारात आला १८७४ मध्ये, अमेरिकेत, रेमिंग्टननं काढला, रेमिंग्टन म्हणजे बंदुका आणि शिवणयंत्रं करणारी कंपनी. त्याच्या आधी ऑफिसातलं जवळपास सगळं लिहिणं पुरुष करत. हे नवीन यंत्र कुणाच्याच मक्तेदारीचं नव्हतं म्हणून त्यावर बायका बसू शकल्या, जिथे आधीपासून कुणी बसलेलं नसतं तिथेच आपल्याला जागा मिळते. मुंबईत आधी पारशी, अँग्लो इंडियन, ख्रिश्चन मुली आल्या, मग आपल्याकडच्या. गोदरेजनं १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा पहिला टाईपरायटर काढला आणि मग गल्लोगल्ली इन्स्टिट्यूट. नौपाड्यात संध्याकाळी पाचनंतर नुसता तोच आवाज असायचा. महाराष्ट्राचा राजभाषा कायदा १९६४ चा, त्यामुळे सरकारी कारभार मराठीत यायला लागला आणि मराठी टायपिंगला एकदम भाव आला, तुझ्या आईनं दोन्ही केलं होतं म्हणजे ती हुशार होती किंवा तुझे आजोबा हुशार होते.

आणखी एक. मॅट्रिक झालेल्या मुलीला 'एकटीनं जा' म्हणून घराबाहेर सोडायचं एक सर्वमान्य कारण होतं ते टायपिंग क्लास. तासभर जायचं, तासभर बसायचं, येताना तलावपाळीवर, म्हणजे तलावाच्या काठानं, एक चक्कर. शिवणक्लासला आई बरोबर यायची, टायपिंगला नाही. चार वर्षांची नोकरी तू मोजतेयस, तिनं तो तास मोजला असेल. अर्थात मी तुझ्या आईला ओळखत नव्हते, मी माझं सांगतेय.

(आणि हो, ईमेलमध्ये 'सीसी' करतेस ना, ती कार्बन कॉपी. तीन कागद, दोन कार्बन, आणि बोट जोरात मारायचं म्हणजे तिसऱ्या कागदावर उमटतं. नखं वाढवायची सोय नव्हती.)

प्रश्न : शनिवार पूर्ण सुट्टीचा कधी झाला? आमचे बाबा तर शनिवारी अर्धा दिवस जायचेच. – कोपरी

ज्याच्या त्याच्या नशिबानं. केंद्र सरकारला पाच दिवसांचा आठवडा १९८५ पासून, महाराष्ट्र सरकारला थेट २९ फेब्रुवारी २०२० पासून, आणि त्यानंतर महिनाभरात लॉकडाऊन लागला म्हणजे नव्या सुट्टीची मजा घ्यायच्या आत सगळेच वार सुट्टीचे झाले. बँकांना २०१५ च्या सप्टेंबरपासून दुसरा आणि चौथा शनिवार. खाजगीत अजून कित्येक ठिकाणी शनिवार म्हणजे चालू.

वेळेचीही गंमत सांगते. १९०६ मध्ये देशाची एकच प्रमाणवेळ ठरली पण मुंबईनं स्वतःची मुंबई वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं धरून ठेवली होती, ३९ मिनिटं मागे. आणि १९०६ च्या आधी रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावायची, ती मुंबईच्या साधारण अर्धा तास पुढे. म्हणजे ठाण्याहून जाणाऱ्या कारकुनाला गाडी एका घड्याळानं पकडायची आणि मस्टरवर सही दुसऱ्या घड्याळानं. लेट मार्कला याहून चांगली सबब नंतर कुणाला सापडलेली नाही.

प्रश्न : सिडकोनं नवी मुंबई वसवली ती मुंबईतली ऑफिसं इकडे आणायला ना? मग माझी पंचवीस वर्षं वाशी ते सीएसटी करण्यात का गेली? – एक वैतागलेला वाचक, वाशी

तुमचा वैताग रास्त आहे. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता या तिघांनी (पटेल इंजिनियर, बाकी दोघे आर्किटेक्ट) मांडलं होतं की मुंबई उत्तरेकडे लांबलचक वाढवत बसू नका, खाडीपलीकडे नवीन शहर करा, आणि त्या सगळ्याचा कणा होता सरकारी ऑफिसं. सरकार हललं की मागून खाजगी ऑफिसं हलतील, वकील हलतील, एजंट हलतील, आणि चहावाला तर आधीच जाऊन बसेल. १९७० मध्ये सिडको झाली. पण त्याच काळात इकडे दक्षिण मुंबईत समुद्रात भर घालून नरिमन पॉइंटला टॉवरवर टॉवर चढत होते! एका हातानं ऑफिसं बाहेर न्यायची म्हणायचं आणि दुसऱ्या हातानं ऑफिसांसाठीच समुद्र बुजवायचा. सचिवालय काही हललं नाही, नाव बदलून मंत्रालय झालं आणि तिथेच राहिलं. बेलापूरला कोकण भवन आलं, विभागीय आयुक्त आले. वाशीला घाऊक बाजार आला.

थोडक्यात कांदेबटाटे आले, सचिव आले नाहीत.

लोक मात्र आले, कारण घरं परवडत होती. खाडीवरचा पूल सत्तरच्या दशकातला पण मानखुर्दवरून वाशीला लोकल आली १९९२ मध्ये, मधली वीस वर्षं बसनं काढली लोकांनी. आणि लोकल आल्यावर काय झालं तर ऑफिस इकडे यायच्या ऐवजी माणूस तिकडे जायची उत्तम सोय झाली. माझं स्पष्ट मत आहे, रेल्वे जशी माणसं आणते तशी नेतेही, ठाण्याला हे १८५३ पासून ठाऊक आहे. बोरीबंदरहून पहिली गाडी आली ती आपल्याकडेच, आणि तेव्हापासून ठाणं मुंबईला सकाळी कारकून पाठवतंय आणि रात्री परत घेतंय, बरेचसे झोपलेले.

शेवटी ऑफिसं आली, पण सरकारची नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावर रासायनिक कारखान्यांचा पट्टा होता, वास यायचा, जुन्या लोकांना आठवेल. त्यातले कारखाने बंद पडत गेले आणि महापे, घणसोली, ऐरोलीला काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. वागळे इस्टेटचंही तेच, एमआयडीसीची ही पहिली वसाहत, १९६२ ची, भोंग्यावर चालणारी, आता त्याच गाळ्यांच्या जागी बॅक ऑफिसं आणि गळ्यात आयकार्ड लटकवलेली पोरं. २००४ मध्ये ठाणे-वाशी लोकल झाली आणि गर्दीला दुसरी दिशा फुटली. तुम्ही पंचवीस वर्षं ज्या प्लॅटफॉर्मवरून तिकडे गेलात त्याच वाशीत आता सकाळी ठाण्याची, कल्याणची पोरं उतरतात. ती उशिरा आली का तुम्ही लवकर आलात, ते मला ठरवता येत नाही.

प्रश्न : माझे वडील सरकारी ऑफिसात शिपाई होते, पट्टेवाला म्हणायचे सगळे. परवा माझ्या मुलाला शाळेत आजोबांबद्दल बोलायचं होतं तर त्यानं 'ऑफिसात होते' एवढंच सांगितलं. मला वाईट वाटलं पण मी पण लहानपणी तेच सांगायचो. – वागळे इस्टेट

तुम्ही शेवटचं वाक्य लिहिलंत म्हणून हे उत्तर लिहायला घेतलं.

पट्टेवाला हा शब्द पट्ट्यावरून, खांद्यावरून तिरका जाणारा तो रुंद पट्टा. चपराशी हा शब्द चपरास म्हणजे पितळी बिल्ल्यावरून. म्हणजे माणसाला कपड्यावरच्या वस्तूचं नाव दिलेलं, हातातल्या कामाचं नाही, आणि माझ्या मते लाज तिथून सुरू होते. कारकुनाच्या नावात निदान काम तरी आहे. त्या पट्टेवाल्याची जागा म्हणजे साहेबाच्या दाराबाहेरचं स्टूल, पाठ टेकायला काही नाही, कारण घंटी वाजली की उठायचंच होतं.

आणि सगळ्यात आधी तोच येणार आणि सगळ्यात शेवटी तोच जाणार. हे आजही कागदावर आहे बरं का, २०२० मध्ये पाच दिवसांचा आठवडा केला तेव्हा बाकीच्यांची वेळ पावणेदहा ते सव्वासहा आणि शिपायांची साडेनऊ ते साडेसहा. आमच्या बँकेत जे शिपाई होते त्यांना प्रत्येक ग्राहकाची सही तोंडपाठ होती, ऑफिसर कार्ड काढून बघायचा आणि हे लांबून मान हलवायचे. जुनं व्हाउचर हवं असेल तर रेकॉर्ड रूममध्ये दिवा न लावता हात घालायचे. ते रिटायर झाल्यावर सहा महिने आम्हाला काही सापडत नव्हतं.

मुलाला सांगायला काही हवंच असेल तर १९७७-७८ च्या संपाबद्दल विचारा घरी, राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा, ५४ दिवस चालला होता. वडील तेव्हा नोकरीत असतील तर ५४ दिवस बिनपगारी घर कसं चाललं ते तुमच्या आईला नक्की आठवत असेल. आजोबांबद्दल शाळेत सांगायला ते पुरेल. आता तर शिपाई ही जागाच कमी होत चाललीय, एजन्सीकडून हाउसकीपिंगवाला येतो, दर वर्षी नवीन, त्याला कुणी नावानं ओळखत नाही आणि बाहेर स्टूलही नसतं.

प्रश्न : माझा मुलगा चोवीस वर्षांचा, महाप्याला बॅक ऑफिसात बिलं तपासायचं काम करतो. एआय आलं की पहिली आमचीच खर्डेघाशी जाणार म्हणतो, रात्री झोपत नाही. तुम्ही बँकेत कॉम्प्युटर येताना पाहिलेत, तेव्हा काय झालं? – एक आई, घोडबंदर रोड

तेव्हाचं सांगू शकते. आम्ही घोषणा दिलेल्या आहेत, मीही दिल्यात. १९८३ मध्ये युनियन आणि बँकांच्या संघटनेत करार झाला तेव्हा कुठे थोडी यंत्रं आत आली, आमच्याकडे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी लेजर पोस्टिंग मशीन, म्हणजे खात्यांच्या नोंदी करणारं यंत्र, आलं. त्याला एसीची केबिन, आम्हाला पंखा. चपला बाहेर काढून आत जायचं, देवघरासारखं. दसऱ्याला त्याला हारही घातला आम्ही, ज्याच्याविरुद्ध घोषणा दिल्या त्यालाच.

कुणाला काढलं का? नाही. माझ्या ओळखीतल्या एकाचीही नोकरी गेली नाही. पण रिटायर झालेल्यांच्या जागी कुणी येईना. २००० च्या सुमारास व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, आली, देशभरात साधारण लाखभर बँकवाले बाहेर पडले, पेढे वाटून पडले, आणि त्या जागा परत निघाल्या नाहीत. आम्ही भांडत होतो आमच्या नोकऱ्यांसाठी, त्या राहिल्या. गेल्या त्या पुढच्या पोरांच्या, आणि ती पोरं तेव्हा शाळेत होती, त्यांची युनियन नव्हती. म्हणून तुमच्या मुलाला 'काही होत नाही रे' असं मी सांगणार नाही.

त्याला एवढंच सांगा की बिल चुकलंय हे कळणं आणि का चुकलंय हे कळणं यातलं दुसरं शिकून घे, कंपनी बदलली तरी ते बरोबर येतं. पूर्वी आमचं क्लोजिंग ३० जून आणि ३१ डिसेंबरला असायचं, लोक थर्टी फर्स्ट करायचे आणि आम्ही लेजरच्या बेरजा. असंच एका ३१ डिसेंबरला सेव्हिंग्जचा ताळा ५४० रुपयांनी चुकला. रात्रीचे दहा, चार जणी, हजारभर खाती, पुन्हा पहिल्यापासून. आमचे एक जुने हेडक्लार्क वडापाव खात उभे होते, म्हणाले, पाचशे चाळीसला नवानं भागून बघा. जातो. मग आकडे शोधू नका, उलटे पडलेले आकडे शोधा, दोन अंकांची अदलाबदल झाली की फरक नेहमी नवाच्या पाढ्यात येतो. पंधरा मिनिटांत सापडलं. १,७१० चे १,१७० झाले होते.

अक्षर माझंच होतं.